पाकिटामागचं लेबल तुम्ही खरंच वाचता का? आणि वाचून हातातली वस्तू कधी परत ठेवलीय का?

सांजसावली

गेल्या वर्षी बाबांचं बीपी वाढलं आणि डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हणून सांगितलं. घरच्या जेवणातलं मीठ आम्ही त्याच दिवसापासून कमी केलं, वरून घ्यायचं तर बंदच, पण दोन महिन्यांनी परत दाखवायला गेलो तर आकडा जेमतेम हललेला. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, पाकिटातलं काय काय खातात हे? मला पटकन काही सांगताच येईना. घरी आल्यावर सगळी पाकिटं, डबे, बाटल्या टेबलावर मांडल्या आणि मागची बाजू वाचायला बसले. ब्रेड, सॉस, चीज, बिस्किटं, नाश्त्याचं सीरियल, सूप. सूपच्या पाकिटावर सोडियम होतं ६८० मिलिग्रॅम. म्हटलं ठीक आहे, मग लक्षात आलं की हे एका सर्व्हिंगचं, म्हणजे कंपनीने धरलेल्या एका वेळच्या वाट्याचं आहे आणि पाकिटात अडीच सर्व्हिंग आहेत. बाबा संध्याकाळी अख्खं पाकीट करून प्यायचे. म्हणजे झाले १७०० मिलिग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते मोठ्या माणसाने दिवसभरात २००० च्या आत राहावं. एका सूपात दिवसाचा बहुतेक कोटा संपत होता आणि आम्ही इकडे जेवणात चिमूटभर कमी घालून समाधानी होतो.

मला सगळ्यात वाईट याचं वाटलं की मी स्वतःला लेबल वाचणारी समजत होते. वाचायचे म्हणजे काय, तर कॅलरी बघायचे, कधीतरी फॅट, की टाकलं पाकीट ट्रॉलीत. ते सूपसुद्धा मीच आणायचे, पुढे मोठ्या अक्षरात लो फॅट लिहिलेलं होतं म्हणून.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये. लेबलमुळे आपण खरंच वेगळं काही उचलतो का? की काय घ्यायचं ते आधीच ठरलेलं असतं आणि लेबल नुसतं मनाच्या समाधानाला? माझं आत्तापुरतं मत असं की मागचा तक्ता त्याच माणसाच्या कामाचा ज्याला आपण काय शोधतोय ते आधीपासून माहीत आहे. सोडियम शोधायचंय हे कळल्यावर तो शब्द मला दहा सेकंदात सापडायला लागला, त्याआधी वर्षानुवर्षं तो तिथेच छापलेला होता आणि मला दिसला नव्हता. तुमचे अनुभव लिहा, आणि ज्यांना यातलं आतलं कळतं त्यांनी तर नक्कीच लिहा.

मोरपीस

काका आता बरे आहेत ना?

मी फक्त साखर बघते, लेक लहान आहे म्हणून. मला ग्रॅमचा काही बोध व्हायचा नाही, मग एका बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं की ४ ग्रॅम म्हणजे साधारण एक चहाचा चमचा धरा. तेव्हापासून चारने भागते. २४ ग्रॅम वाचलं की काही वाटत नाही पण सहा चमचे म्हटलं की डोळ्यासमोर सहा चमचे येतात आणि हात थांबतो. तेच आधी चमच्यात का छापत नाहीत देव जाणे.

आकडेमोड

सांजसावली, तुम्ही जे लिहिलंय ना की स्वतःला वाचणारी समजत होते, ते फक्त तुमचं नाही, यावर चक्क डोळ्यांची हालचाल टिपून अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत २०११ साली छापून आला. २०३ लोकांना कॉम्प्युटरवर ६४ वस्तू दाखवल्या, फोटो, किंमत, घटक आणि पोषणाचा तक्ता, आणि सांगितलं की यातलं काय घ्याल ते ठरवा. नजर कुठे जाते ते कॅमेरा टिपत होता. नंतर विचारलं तुम्ही एरवी लेबल बघता का, तर ३३ टक्के म्हणाले आम्ही कॅलरी जवळजवळ नेहमी बघतो. कॅमेऱ्यात जवळपास प्रत्येक वस्तूची कॅलरी बघणारे निघाले ९ टक्के. साखर, ट्रान्स फॅट (हृदयाला सगळ्यात वाईट तो फॅटचा प्रकार), सर्व्हिंग साइज यातलं एकेक बघणारे तर १ टक्क्याच्या आसपास. लोक खोटं बोलत होते असं मला वाटत नाही, आपल्याला आपण वाचलेल्या वेळा आठवतात आणि न वाचलेल्या आठवत नाहीत, इतकंच. शिवाय तक्त्यात वरच्या ओळी जास्त बघितल्या गेल्या, खाली जाईतो नजर सुटते. आता सोडियम, साखर तक्त्यात कुठे असतं ते बघा.

म्हणूनच मग पुढच्या बाजूला काहीतरी सोपं चिन्ह द्यायची कल्पना आली. स्वीडनने हिरवं किल्लीच्या भोकाचं चिन्ह १९८९ मध्येच आणलं होतं, ब्रिटनमध्ये २०१३ पासून लाल-पिवळा-हिरवा सिग्नल, ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडमध्ये २०१४ पासून अर्ध्या ते पाच चांदण्या, फ्रान्समध्ये २०१७ पासून न्यूट्री-स्कोअर, म्हणजे हिरव्या ए पासून लाल ई पर्यंत पाच अक्षरं. यातली बरीचशी ऐच्छिक आहेत, कंपनीला वाटलं तर लावा.

फ्रान्सने मात्र एक चांगली गोष्ट केली. चिन्ह ठरवायच्या आधी २०१६ मध्ये ६० सुपरमार्केटमध्ये प्रत्यक्ष प्रयोग केला, चार वेगवेगळी लेबलं वेगवेगळ्या दुकानांत लावली, काही दुकानं तुलनेसाठी तशीच ठेवली, आणि खऱ्या लोकांच्या खऱ्या खरेदीची बिलं तपासली. न्यूट्री-स्कोअर त्यात सगळ्यात सरस ठरला. पण परिणाम प्रयोगशाळेतल्या तशाच अभ्यासांच्या तुलनेत सरासरी १७ पटींनी लहान निघाला. आणि माझ्या मते खरी महत्त्वाची गोष्ट पुढची आहे, त्या त्या प्रकारातल्या वरच्या एक-तृतीयांश चांगल्या वस्तूंची विक्री १४ टक्क्यांनी वाढली, मधल्या आणि खालच्या दर्जाच्या वस्तूंची विक्री मात्र हलली नाही. म्हणजे हिरवा रंग बघून चांगली वस्तू उचलली गेली, पण लाल बघून वाईट वस्तू खाली ठेवली गेली नाही.

पाऊलवाट

नेमकं हेच म्हणायचं होतं मला, आकडेमोड यांनी पुरावाच दिला.

मला हा सगळा प्रकार मुळात गिऱ्हाइकावर ओझं टाकणारा वाटतो आणि राग येतो त्याचा. संध्याकाळी कामावरून सुटून दुकानात शिरायचं, मूल कडेवर, यादीत वीस वस्तू, घरी जाऊन स्वयंपाक बाकी, आणि अशात प्रत्येक वस्तूच्या मागचा मुंगीएवढ्या अक्षरातला तक्ता वाचून दोन कंपन्यांची तुलना करायची, एकीची सर्व्हिंग ३० ग्रॅमची दुसरीची ४५ ची, मग तोंडी हिशोब करायचा, कोण करतं हो हे? आणि ज्याच्याकडे महिनाअखेरीला मोजके पैसे आहेत तो आधी किंमत बघणार, मग मुलं खातील का ते बघणार, मग लेबल. ज्याच्याकडे वेळ आणि पैसा दोन्ही आहे तोच लेबल वाचणार आणि त्याची तब्येत तशीही बरीच असते. आम्ही छापलंय, तुम्ही वाचलं नाही, असं म्हणायची सोय झालीय ही.

जुनाचष्मा

मुंगीएवढ्या अक्षराबद्दल थोडं. माझं वय ७१. युरोपात नियम आहे की लेबलवरच्या छोट्या इंग्रजी एक्स अक्षराची उंची कमीत कमी १.२ मिलिमीटर हवी, आणि पाकीट अगदी लहान असेल तर ०.९ चालते. एक पट्टी घेऊन १.२ मिलिमीटर किती ते बघा म्हणजे कळेल. त्यात चकचकीत कागद, त्यावर सोनेरी अक्षरं, पाकीट चुरगळलेलं, आणि शिलाईची घडी बरोबर तक्त्यावर आलेली. डॉक्टर मला सांगतात लेबल वाचून घ्या. कसं वाचू?

आता मी मोबाईलने फोटो काढतो आणि मोठा करून बघतो. वेळ लागतो पण दिसतं. ज्यांच्या घरी वयस्क मंडळी आहेत त्यांनी त्यांना हे दाखवा, कुणी सांगितलं नाही तर सुचत नाही. मला नातवाने दाखवलं.

तिरपीरेघ

मी आठ वर्षं एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत नवीन प्रॉडक्ट बनवायच्या विभागात होते, आता तिथे नाही. त्यामुळे टेबलाच्या पलीकडून लिहिते, मोठं होईल, सांभाळून घ्या.

लेबलचा परिणाम गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर मोजत बसलो तर तो लहानच दिसणार. खरा परिणाम कारखान्यात होतो. आमच्याकडे कुठल्याही नवीन पदार्थाच्या पहिल्या मीटिंगमध्ये चव, खर्च आणि तिसरी गोष्ट कायम हीच की लेबलवर काय दिसेल. ब्रिटनच्या सिग्नलमध्ये १०० ग्रॅममागे साखर २२.५ ग्रॅमच्या वर गेली की लाल, मीठ १.५ ग्रॅमच्या वर गेलं की लाल. आता तुमचं प्रॉडक्ट २३.४ वर असेल तर ते २२.४ वर आणायला सगळी टीम रात्रंदिवस बसते, आणि ते शेल्फवर गेलं की लेबल न वाचणाऱ्याच्याही पोटात तेवढी साखर कमी जाते. पाऊलवाट, तुमची ती मूल कडेवर घेतलेली बाई, तिने काहीच वाचलं नाही तरी तिला त्याचा फायदा होतो.

फिनलंडमध्ये १९९३ पासून जास्त मीठ असलेल्या ठराविक पदार्थांवर तसं स्पष्ट लिहिणं सक्तीचं केलं, तर कंपन्यांनी ते लिहावं लागू नये म्हणून मीठच कमी केलं. ट्रान्स फॅटचंही तसंच, अमेरिकेत २००६ पासून ते तक्त्यात वेगळं दाखवणं सक्तीचं झालं आणि कंपन्यांनी झपाट्याने तेलं बदलली, बंदी तर खूप नंतर आली. जोपर्यंत तो आकडा छापायचा नव्हता तोपर्यंत कुणालाच त्याची घाई नव्हती.

पण त्याच जागेवर बसून लेबल कसं वळवता येतं तेही मी बघितलंय. एक, सर्व्हिंग. ती जितकी लहान तितके सगळे आकडे लहान. दोन, ते ट्रान्स फॅटचंच घ्या, अमेरिकेत एका सर्व्हिंगमध्ये ०.५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर शून्य लिहायची मुभा. ०.४ असेल आणि माणसाने तीन सर्व्हिंग खाल्ल्या तर १.२ ग्रॅम पोटात गेलं आणि लेबल म्हणतंय शून्य. तीन, साखरेची फोड. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, त्यामुळे साखर पहिल्या नंबरला येऊ नये म्हणून थोडी साखर, थोडं ग्लुकोज सिरप, थोडं डेक्स्ट्रोज, थोडा फळांच्या रसाचा अर्क असं वाटून टाकलं की प्रत्येकजण खाली सरकतो आणि पहिला नंबर धान्याचा येतो. यात बेकायदेशीर काही नाही. मला ते लिहायला बसवलं तेव्हा मात्र फार अस्वस्थ वाटलं होतं, आणि नोकरी सोडायच्या कारणांत हेही एक होतं.

म्हणून माझी एकच विनंती, घटकांच्या यादीत गोड वस्तू कितीदा आलीय ते बोट ठेवून मोजा. आणि तुलना करायची तर कायम १०० ग्रॅमच्या रकान्याने करा, सर्व्हिंगच्या नाही.

मोरपीस

तिरपीरेघ ताई हे वाचून अंगावर काटा आला. आत्ता उठून लेकीच्या सीरियलचा डबा बघितला. साखर, ग्लुकोज सिरप, मध, माल्टचा अर्क. चार वेळा. आणि डब्यावर पुढे हसरं कार्टून.

आकडेमोड

तिरपीरेघ यांच्या मुद्द्याला आकड्यांचा आधार आहे. २०१९ मध्ये ६० अभ्यास एकत्र करून एक मोठं विश्लेषण झालं होतं. लेबलमुळे लोकांचं कॅलरी घेणं ६.६ टक्क्यांनी कमी झालं आणि फॅट १०.६ टक्क्यांनी, हे गिऱ्हाइकाच्या बाजूने. कंपन्यांच्या बाजूने पदार्थांमधलं सोडियम ८.९ टक्क्यांनी आणि ट्रान्स फॅट तब्बल ६४.३ टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे दोन्हीकडे परिणाम आहे, पण तो ६४ चा आकडा कारखान्यातला आहे.

सक्तीच का लागते याचंही एक छान उदाहरण सॅलड ड्रेसिंगचं आहे. अमेरिकेत तक्ता सक्तीचा करणारा कायदा १९९० चा, अंमल १९९४ पासून. त्याआधी ऐच्छिक होतं तेव्हा कमी फॅटवाल्या ड्रेसिंगवर तक्ता असायचाच, भरपूर फॅटवाल्यांपैकी बहुतेकांवर नसायचा. सक्ती झाल्यावर ज्यांच्यात सगळ्यात जास्त फॅट होतं त्यांचा खप घसरला. आता विचार करा, आधीही लोकांना अंदाज बांधता आला असता की ज्याने छापलं नाही त्याच्यात जास्त असणार. पण जे छापलेलंच नाही त्याच्याकडे आपलं लक्षच जात नाही.

पाऊलवाट

कारखान्याचा मुद्दा मान्य आहे मला, तो विचार मी केला नव्हता. पण मग तर मी म्हणेन की ए बी सी डी आणि चांदण्या कशाला, सरळ इशारा लिहा. चांगल्या वस्तूला शाबासकी देऊन वाईट वस्तूचा खप कमी होत नाही असं तुम्हीच वर लिहिलंत.

तिरपीरेघ

चिलीने तेच केलं ना. कायदा २०१२ चा, अंमल जून २०१६ पासून. काळा अष्टकोन, पाकिटाच्या पुढच्या बाजूला, त्यात पांढऱ्या अक्षरात साखर जास्त, सोडियम जास्त, संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) जास्त, कॅलरी जास्त. जितक्या गोष्टी जास्त तितके अष्टकोन, म्हणजे एका पाकिटावर चारसुद्धा असू शकतात. हिशोब नाही, रंगांची सरासरी नाही, वाचता न येणाऱ्यालाही काळे ठिपके मोजता येतात. मर्यादा तीन टप्प्यांत कडक करत नेल्या, २०१९ च्या शेवटच्या टप्प्यात घन पदार्थाला १०० ग्रॅममागे १० ग्रॅम साखर, ४०० मिलिग्रॅम सोडियम. आणि मोरपीस, तुमच्यासाठी खास, ज्या पाकिटावर अष्टकोन आहे त्यावर कार्टून छापायचं नाही, शाळेत विकायचं नाही, लहान मुलांसमोर जाहिरात करायची नाही.

पहिल्या टप्प्यानंतर इशारा असलेल्या पेयांची खरेदी, कायदा नसता तर जितकी झाली असती त्यापेक्षा, २३.७ टक्क्यांनी कमी झाली. नंतर पेरू, मेक्सिको, उरुग्वे यांनीही अष्टकोनच घेतला.

आकडेमोड

फक्त एक लक्षात ठेवू की चिलीत लेबल, जाहिरातबंदी आणि शाळाबंदी एकदम आली, त्यामुळे २३.७ मधलं नुसत्या लेबलचं किती हे वेगळं काढता येत नाही. आणि दुसरी बाजू अशी की साखर काढून कंपन्यांनी गोडी आणणारी रसायनं घातली, तिथल्या मुलांच्या खाण्यात त्यांचं प्रमाण वाढलं. मेक्सिकोने २०२० मध्ये नियम केला तेव्हा यावरून शिकून जास्तीची एक काळी पट्टी आणली, यात स्वीटनर आहे, मुलांना देऊ नये, अशी.

उंबरठा

हे लिहू की नको असा दोन दिवस विचार करत होते.

मी विशीत असताना पाच-सहा वर्षं खाण्याच्या आजारात होते. न खाण्याच्या. त्या काळात मला घरातल्या प्रत्येक वस्तूच्या कॅलरी पाठ होत्या, अजूनही आहेत, इच्छा नसताना. लेबल वाचून हातातली वस्तू परत ठेवलीय का असं शीर्षकात विचारलंय, मी सगळंच परत ठेवायचे. दुकानात तासभर फिरून रिकाम्या हाताने बाहेर यायचे. ज्यांना बीपी आहे, शुगर आहे त्यांना आकडे मोठे हवेत हे मला मनापासून पटतं, सांजसावली ताईंच्या बाबांची गोष्ट वाचून तर जास्तच. पण पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात कॅलरी छापलेली दिसली की आजही माझ्या छातीत धस्स होतं. बरी होत असताना माझी बहीण सगळं पाकिटातून काढून साध्या बरण्यांत भरून ठेवायची, एकही आकडा मला दिसू द्यायची नाही. तेवढ्याने मी नाश्ता करायला लागले.

घरात कुणी किशोरवयीन मुलगी किंवा मुलगा लेबलं अती वाचायला लागला, वाचून जेवण टाळायला लागला, तर कौतुक करू नका. माझं घरी कौतुक झालं होतं, किती जागरूक आहे म्हणून.

सांजसावली

उंबरठा, लिहिलंत ते फार बरं केलंत. माझी भाची चौदा वर्षांची आहे आणि गेले काही महिने ती अगदी हेच करतेय, मी तिचं कौतुक केलं होतं. आज बहिणीशी बोलते.

आणि तुमच्या पोस्टवरून एक जाणवलं की साखर जास्त, मीठ जास्त अशी खूण आणि कॅलरीचा मोठा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सरसकट सगळंच पुढे आणा असं मी म्हणणार होते, ते आता म्हणणार नाही.

निळीशाई

माझ्या मुलाला टाइप वन डायबेटिस आहे, नऊ वर्षांचा आहे. आमच्यासाठी लेबल म्हणजे निवड वगैरे काही नाही, ते औषधाच्या बाटलीवरच्या डोसइतकं महत्त्वाचं आहे. त्याने किती कर्बोदकं खाल्ली त्यावर इन्सुलिनची युनिटं ठरतात. स्वयंपाकघरात वजनकाटा आहे, पाकिटावरचा १०० ग्रॅमचा आकडा घ्यायचा, बशीतलं वजन करायचं, गुणायचं, मग टोचायचं. दिवसातून चार-पाच वेळा. त्यामुळे अष्टकोन आला म्हणून मागचा तक्ता काढून टाका असं कुणी म्हणालं तर मी रस्त्यावर उतरेन.

दोन गोष्टी सांगते ज्या मला ठेचा खाऊन कळल्या. एक, आपण साखरेची ओळ बघतो, पण रक्तातली शुगर स्टार्चनेही वाढते, म्हणून एकूण कर्बोदकांची ओळ बघायची, शुगर फ्री लिहिलेल्या बिस्किटातही पीठ असतंच. दुसरी अशी की अमेरिकेच्या लेबलवर एकूण कर्बोदकांत फायबर धरलेलं असतं, युरोपच्या लेबलवर ते वेगळं काढलेलं असतं. परदेशातून कुणी काही आणलं की आधी ते कुठलं लेबल आहे ते बघायचं. हे माहीत नव्हतं तेव्हा आम्ही एकदा जास्त इन्सुलिन दिलं आणि रात्री दोन वाजता मुलाची शुगर खाली गेली. ती रात्र विसरणं शक्य नाही.

आणि तिरपीरेघ ताई, आकडे कितपत अचूक असतात हो? मला खरं उत्तर द्या.

तिरपीरेघ

खरं उत्तर, तितके नसतात. कॅलरी बहुतेक वेळा मोजलेली नसते, हिशोबाने काढलेली असते, प्रोटीन आणि कर्बोदकं ग्रॅममागे ४, फॅट ग्रॅममागे ९. पीक दर हंगामात वेगळं, बॅच वेगळी. अमेरिकेच्या नियमात कॅलरी, साखर, फॅट, सोडियम यांचं प्रत्यक्ष प्रमाण छापलेल्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत जास्त निघालं तरी चालतं. त्यामुळे १०० लिहिलेलं १२० असू शकतं. नेहमी असतं असं नाही, पण असू शकतं. तुम्ही काटा वापरून जे करताय तेच बरोबर आहे, शिवाय एकच ब्रँड कायम ठेवा आणि त्यावर मुलाची शुगर कशी जाते ते लिहून ठेवा, ते टिपण लेबलपेक्षा खरं.

निळीशाई

धन्यवाद. वही आहे आमची, तिसरी चालू आहे.

जुनाचष्मा

एक शंका आहे. काही पाकिटांवर सोडियम लिहितात, काहींवर मीठ. दोन्ही एकच का? मी आत्तापर्यंत एकच समजत होतो.

सांजसावली

एकच नाही काका, मी पण फसले होते यात. सोडियम हा मिठाचा एक भाग. सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मीठ येतं. ते मिलिग्रॅममध्ये असतं म्हणून मग हजाराने भागायचं. ते १७०० सोडियमवालं सूप म्हणजे साधारण सव्वाचार ग्रॅम मीठ झालं, आणि दिवसाची मर्यादा मिठाची ५ ग्रॅम. सोडियम ४०० आणि मीठ १ ग्रॅम अशी दोन पाकिटं शेजारी असली तर ती सारखीच आहेत, पण ४०० वाचून भीती वाटते आणि १ वाचून काही वाटत नाही.

जुनाचष्मा

कळलं. लिहून घेतलं.

मोरपीस

सांजसावली, काकांचं विचारलं होतं सुरुवातीला, ते राहिलंच.

सांजसावली

अगं हो, सॉरी. बीपी आता बरंच ताब्यात आहे, गोळी चालू आहेच, त्यामुळे लेबलमुळे किती आणि गोळीमुळे किती ते मला सांगता येणार नाही. पण मीठ मोजायला लागल्यापासून ते स्वतःच कामाला लागलेत. काळा मार्कर आणलाय, घरात पाकीट आलं की मोबाईलवर मोठं करून वाचतात, अडीचने गुणतात, आणि पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात अख्ख्या पाकिटाचं मीठ लिहून मगच कपाटात ठेवतात. परवा कुणीतरी तेच सूप आणलं होतं. त्यावर ४.२ लिहिलंय, तीन आठवडे झाले, अजून तिथेच आहे.